आत्याच्या श्रावणबाळचे पैसे गेले कुठे? (कागदांच्या फेऱ्या : तुमचे अनुभवही लिहा)

तिखटजाळ

नमस्कार मंडळी. धागा मदतीसाठी काढतेय, थोडा वैताग बाहेर काढण्यासाठीही.

माझी आत्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात एकटी राहते. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत तिचं नाव आहे. सुरुवातीला महिना 600 मिळायचे, मग 1,000 झाले, 2023 पासून 1,500. एवढ्यात तिचा किराणा, बीपीच्या गोळ्या आणि गॅस भागतो. भागतो म्हणजे ती भागवते.

गेले सात महिने खात्यात दमडी आलेली नाही. बँकेत गेली तर म्हणाले, "वरूनच आलेले नाहीत, तहसीलला विचारा." तहसीलला गेली तर, "आम्ही टाकलेत, बँकेत विचारा." एसटी अर्ध्या तिकिटात आहे म्हणून बरं, नाहीतर पाच फेऱ्यांत एका महिन्याचं अनुदान उडालं असतं. पाचव्या फेरीला टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, "आजी, तुमचं आधार लिंक नाही." आणि पासबुकावर बँकेचा शिक्का आहे : आधार लिंक्ड.

आत्याचं म्हणणं, "माजंच कायतरी चुकलं आसंल, अंगठा नीट उठला नसंल." मला राग याचाच येतोय. सात महिने पैसे नाहीत आणि चूक शोधतेय स्वतःची.

कुणाला यातलं कळत असेल तर सांगा. आणि तुमच्या घरात, ओळखीत असलं काही निस्तरलं असेल तर तेही लिहा.

चहाटळ

बँक म्हणते आले नाहीत, तहसील म्हणते गेले. दोघं खरं बोलत असतील तर पैसे वाटेत एसटीच्या थांब्यावर उभे असणार.

जुनी फाईल

चहाटळ, थट्टा केलीत पण दोघं खरंच बोलतायत.

मी महसुलात 31 वर्षं काढली, त्यातली चार संगायो शाखेत. (संजय गांधी योजनेचं टेबल. श्रावणबाळ, इंदिरा गांधी वृद्धापकाळ, सगळं तिथेच.) पूर्वी आम्ही खाते क्रमांकांची यादी करून बँकेला पाठवत असू. पैसे त्याच खात्यात पडत. आता डीबीटी (थेट खात्यात अनुदान) पोर्टलवरून आधार क्रमांकावर पैसे जातात. म्हणजे तहसीलने पासबुकातला खाते क्रमांक कितीही बरोबर लिहिलेला असो, पैसे त्या आधारला जे खातं जोडलेलं असेल तिथेच जाणार.

घोळ 'लिंक' या शब्दात आहे. बँकेने केवायसीसाठी (ओळख पटवायला) आधार नोंदवणं वेगळं, आणि एनपीसीआयच्या मॅपरमध्ये (कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत जायचे त्या यादीत) ते खातं चढवणं वेगळं. पहिलं दहा खात्यांना करता येतं. दुसरं एका वेळी एकाच बँकेचं असतं, आणि शेवटची संमती जिथे दिली तीच बँक तिथे दिसते. आत्याबाईंनी मध्यंतरी दुसरीकडे कुठे अंगठा दिला का ते विचारा. सिमकार्ड, बचत गटाचं कर्ज, गावात आलेला कॅम्प, काहीही.

आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून आहे. तिथे बँकेचं नाव दिसेल.

आणि एक. आतापर्यंतच्या पाच फेऱ्यांत एक तरी अर्ज लेखी दिला का? पोच घेतली का?

तिखटजाळ

जुनी फाईल, खूप आभार. लेखी काहीच नाही. सगळं खिडकीवर तोंडी.

स्टेटस बघायचं तर ओटीपी लागतो, आणि आधारला नंबर आहे चुलतभावाचा. तो चाकणला कंपनीत, लाईनवर मोबाईल नेऊ देत नाहीत. त्याची शिफ्ट सुटेल तेव्हा बघते.

मोगरा७२

थोडं कडू बोलतो. हे सगळं कडक कशामुळे झालं? लाडकी बहीणमध्ये हजारो पुरुषांच्या नावावर पैसे गेल्याचं सरकारनेच मान्य केलं ना? आमच्या गावात तर दोन मजली घरं असलेले निराधार आहेत. कर भरणाऱ्याने विचारायचंच नाही का? चार कागद मागितले तर एवढं काय बिघडतं?

रानवाट

मोगरा, दोन मजलीवाले निराधार मीही पाहिलेत. पण त्यांचे कागद कायम चोख असतात. कागदात अडकते ती खरी निराधार, कारण तिच्यासाठी ते गोळा करणारं कुणी नसतं. म्हणूनच तर ती निराधार.

मी बीड-धाराशिव भागात एकल महिलांसोबत काम करते. उत्पन्नाची अट बघा. कुटुंबाचं वर्षाचं 21,000. म्हणजे महिना 1,750. रोजगार हमीची मजुरी 2025-26 साठी 312 रुपये रोज होती. 68 दिवस काम केलं की बाई अटीच्या बाहेर. वर्षातले उरलेले 297 दिवस तिने हवा खायची. मग तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, काम तेच) काय करतो? डोळे मिटून 20 हजार लिहितो. त्यालाही माहीत, बाईलाही माहीत, साहेबालाही माहीत. नियमच असा की खरं सांगणारी अपात्र होते. आणि एकदा खोटं लिहावं लागलं की बाई कायमची दबून. उद्या कुणी काही मागितलं तर ती आवाज कसा काढणार? दाखला खोटा आहे हे त्या माणसाला माहीत असतं.

दुसरं, आमच्याकडे दिवाळीला कोयते निघतात, म्हणजे माणसं ऊसतोडीला जातात. घरात उरतात म्हातारी आणि पोरं, कधी तीही नाही. चौकशीला माणूस येतो तेव्हा घराला कुलूप. कागदावर शेरा पडतो, 'गावी राहत नाही'. बाई तिकडे कारखान्याच्या फडात, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाही. मार्चात परत येते तोवर नाव गेलेलं.

आमच्या बायकांनी यावर स्वतःच एक मार्ग काढला. प्रत्येक वस्तीवर एक अशी बाई जी फडात जात नाही, गुडघे गेलेत म्हणून. तिच्याकडे सगळ्यांच्या झेरॉक्स, साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशव्यांत, प्रत्येकीची वेगळी. तिला लिहिता-वाचता येत नाही, पिशवीच्या रंगावरून ओळखते. कुणी चौकशीला आलं की हीच बाई समोर, फोन लावून देते, पंच म्हणून दोन शेजारणी उभ्या करते. गेल्या हंगामात त्या वस्तीवरचं एकही नाव गेलं नाही. तिचं स्वतःचं प्रकरण मात्र दोनदा त्रुटीत निघालंय. वयाचा पुरावा नाही.

चहाटळ

वयाच्या पुराव्यावरून : आमच्या आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला. आधार काढताना साल अंदाजाने सांगितलं, तारीख मशीननेच टाकली. 31 डिसेंबरच्या रात्री फटाके वाजतात ते आमच्या आज्ज्यांसाठी.

जुनी फाईल

रानवाट, त्या बाईंना सांगा, शाळेचा दाखला नसला म्हणून प्रकरण अडत नाही. मतदार यादीचा उतारा किंवा शिधापत्रिकेवरचं वय चालतं. तेही जुळत नसेल तर सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला घ्या. बऱ्याच टेबलांवर हा शेवटचा पर्याय सांगतच नाहीत. आळस म्हणा, पण भीतीही असते. ऑडिटमध्ये आक्षेप निघाला तर वसुली कर्मचाऱ्याच्या नावावर निघते. प्रकरण लांबवलं म्हणून कुणाचा पगार कापलेला मी पाहिला नाही. चुकून मंजूर केलं म्हणून कापलेला पाहिलाय. मग टेबलावरचा माणूस 'नाही'कडेच झुकणार.

मीही झुकायचो. एकदा एक बाई शिधापत्रिकेवर 'कमल' आणि आधारवर 'कमळाबाई' म्हणून परत पाठवली. नियमाने बरोबर होतो. पुढच्या महिन्यात तिचा दीर आला, ती वारली म्हणून सांगायला. प्रकरण बंद करायला कागद लागतात का, एवढंच विचारत होता.

तिखटजाळ

…

म्हापशेकार

कमल-कमळाबाई वाचून राहवलं नाही. आमच्या गोव्यात याची वेगळीच तऱ्हा. जुन्या माणसांचे जन्मदाखले पोर्तुगीज अमदानीतले. त्यात कामत झाला 'कामोतीं', प्रभू झाला 'पोरोबो', नाईक लिहिलाय पोर्तुगीज स्पेलिंगने. पुढे शाळेत मराठी नाव, मतदार कार्डावर इंग्रजी, आधारवर चौथंच. माझ्या आजेसासूबाईंच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या अर्जाला नेमकं तेच नडलं. जन्मदाखल्यावरची बाई आणि आधारवरची बाई एकच, हे शाबीत करायला प्रतिज्ञापत्र. आजेसासूबाई म्हणाल्या, "ऐंशी वर्षं मी एकच आहे, हे मला आता लिहून द्यावं लागतंय."

झालं शेवटी. पण पहिल्या दिवशी कुणी एका कागदावर लिहून दिलं असतं की हे, हे आणि हे आणा, तर एका महिन्याचं काम. आम्हाला चार लागले, कारण दर खेपेला एकच त्रुटी सांगायचे.

सेतूवाला

सगळ्यांनी तहसील आणि बँक घेतली, आता आमची पाळी येणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच लिहितो. मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो.

होय, आमच्यातले काही जण जास्त पैसे घेतात. दरफलक भिंतीवर आणि प्रत्यक्ष भाव वेगळा. पण एका दाखल्याला माझा किती वेळ जातो बघा. सर्व्हर दुपारी झोपतो. फोटो ठरावीक केबीतच बसला पाहिजे. म्हातारी येते तेव्हा तिच्याकडे पिशवी असते आणि पिशवीत सगळं : लाईट बिल, नातवाची लसीकरण पत्रिका, मेलेल्या नवऱ्याचं मतदार कार्ड. अर्धा तास निवडण्यात. अधिकृत शुल्कात ते बसत नाही. सरकारने अर्ज ऑनलाईन केला म्हणजे काम कमी झालं नाही, ते कचेरीतून माझ्या दुकानात आलं.

आता फुकटची माहिती देतो, धंद्याचं नुकसान करून :

उत्पन्न, जात, रहिवास असल्या दाखल्यांसाठी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये 100 चा स्टॅम्प 500 चा झाला तेव्हा कितीतरी लोकांनी उगाच पाचशे घातले. साध्या कागदावर करा. कुणी मागितलाच तर म्हणा, "स्टॅम्प लागतो असं लेखी द्या." देत नाहीत.

उत्पन्नाचा दाखला सेवा हमी कायद्यात आहे, 2015 चा कायदा, मुदत 15 दिवस. मुदत उलटली की ऑनलाईनच प्रथम अपील टाकता येतं. अपील पडलं की दाखला बहुतेक दोन दिवसांत येतो, कारण पुढे 500 ते 5,000 दंड त्या अधिकाऱ्याच्या खिशातून जाऊ शकतो. माझ्याकडून वर्षाला हजारभर तरी दाखले जातात. अपील किती जणांनी केलं? तीन. त्यातला एक वकील होता.

मोगरा७२

सेतूवाला, स्टॅम्पचं माहीत नव्हतं. आईच्या वेळी पाचशेचा घेतला होता मी. माझ्यासारख्याला, पेपर वाचणाऱ्याला माहीत नाही म्हणजे कमाल आहे.

कोऱ्या वहीतली

लाडकी बहीणचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचं ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये करायला बसलो. स्वतःचा ओटीपी झाला, पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्याचा ओटीपी मागितला. नवरा करोनात गेला, वडील त्याआधीच. ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी स्क्रीनकडे. तिथे 'दोघंही नाहीत' असा रकानाच नव्हता.

हे खूप जणींचं झालं म्हणून ओरड झाली, मुदत वाढली आणि मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय केली. पण मधले सहा-सात आठवडे ताई रोज विचारायच्या, "ताई, साईट सुरू झाली का?" मी रोज रात्री बघायचे, कारण दिवसा ती चालायची नाही. म्हणजे सरकार-दरबारचं रात्रपाळीचं काम माझ्या स्वयंपाकघरात.

आमच्या सोसायटीत अशा सात जणी होत्या. एका काकूंनी वहीच केली : नाव, आधारला कुठला मोबाईल, तो मोबाईल कुणाच्या ताब्यात, काय अडलंय. तिसऱ्या रकान्यात पाच जणींपुढे 'मुलगा' किंवा 'जावई'.

बोटभर चाकं

दिव्यांगांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. संजय गांधीत आमची उत्पन्नाची अट 50,000 आहे, 21,000 नव्हे. टेबलावर हे माहीत नसल्याने माझा अर्ज पहिल्यांदा परत आला. शासन निर्णयाची प्रत काढून, ती ओळ हिरव्या पेनने रंगवून अर्जाला जोडली, दुसऱ्यांदा मंजूर. तेव्हापासून कुठेही जाताना निर्णयाची प्रत सोबत. बोलण्यापेक्षा रंगवलेली ओळ भारी पडते.

बाकी, संगायो शाखा पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. कारकून खाली येऊन सही घेऊन गेला, त्या माणसाबद्दल तक्रार नाही. इमारतीबद्दल आहे.

तिखटजाळ

अपडेट! सापडलं.

भाऊ शिफ्ट संपवून बाहेर आला, फाटकाशी उभं राहून ओटीपी सांगितला. आत्याच्या आधारला आत्याची बँक नाहीच. एका पेमेंट बँकेचं नाव दिसतंय जे तिने कधी ऐकलेलंही नाही. बरंच खोदल्यावर आठवलं : बाजाराच्या दिवशी छत्री लावून बसलेल्या पोराकडून सिम घेतलं होतं. त्याने "आजी, अजून एकदा अंगठा" म्हणून दोनदा अंगठा घेतला. दुसरा अंगठा खात्याचा.

म्हणजे तहसील खरं बोलत होती, बँकही खरं बोलत होती. पैसे जात होते, आत्याच्याच नावावर, आत्यालाच माहीत नसलेल्या खात्यात. पण पाच फेऱ्यांत एकानेही संगणकावर ही एक ओळ उघडून बघितली नाही.

आता हे पैसे काढायचे कसे? त्या बँकेची शाखाच नाही कुठे.

सेतूवाला

शाखा लागत नाही. आधारवर पैसे काढायचं मशीन असलेल्या कुणाकडेही जा, बँक मित्र किंवा पोस्टमन. मशीनवर बँक निवडताना *ती* पेमेंट बँक निवडायची, आत्याबाईंची नेहमीची नाही. आधी फक्त शिल्लक तपासा. एका वेळी 10,000 पर्यंत निघतात. पावती घेतल्याशिवाय हलू नका आणि एकापेक्षा जास्त अंगठे का, हे विचारा. अंगठा दिला आणि "फेल झालं" सांगून पैसे स्वतः ठेवणारे महाभाग आहेत.

पोस्टमन सगळ्यात बरा. घरी येतो, आणि गावात तोंड दाखवायचं असतं त्याला.

जुनी फाईल

त्याच दिवशी नेहमीच्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. अर्जात 'दुसऱ्या बँकेतून इकडे वळवा' असा पर्याय असतो, त्यावर खूण करा आणि त्या बँकेचं नाव लिहा. फक्त "लिंक करा" म्हणालात तर परत केवायसीचा शिक्का मारून देतील. दोन-चार दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा.

शिवाय तहसीलदारांच्या नावे एक साधा अर्ज : कोणत्या महिन्याचं अनुदान कोणत्या तारखेला वितरित झालं ते कळावे. आवक-जावकला द्यायचा, टेबलावर नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. महिनाभरात उत्तर नाही आलं तर हेच माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नाही. एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर त्यावरूनच परत करतील. "माझे पैसे का आले नाहीत" असं लिहू नका. 'का'ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. तारखा मागा.

मोगरा७२

माझ्या गल्लीत अशी एक आजी आहेत, निराधारचे बंद झालेत म्हणतात. उद्या त्यांचं स्टेटस बघतो. मोबाईल कुणाचा आहे देव जाणे.

रानवाट

मोगरा, वही करा. तिसरा रकाना विसरू नका.

तिखटजाळ

शनिवारी गावी जाऊन आले.

पोस्टमनदादा आले मशीन घेऊन. उजवा अंगठा नाही, डावा नाही, तर्जनी नाही. आयुष्यभर भांडी आणि खुरपणी, रेषा उरल्यातच कुठे. आत्या म्हणाली, "बघ, म्हनलं नव्हतं?" दादांनी ओल्या फडक्याने बोटं पुसली, कोरडी केली आणि एकेक बोट लावत गेले. उजवी करंगळी लागली. शिल्लक 7,500.

आत्याने आकडा मला दोनदा वाचायला लावला. सगळे काढू नको म्हणाली, घरात कुठं ठेवू. मग समजावलं की हे खातं रिकामं करायचंय. काढले. पावती देव्हाऱ्यात कुंकवाच्या डबीखाली ठेवलीय.

सोमवारी बँकेत संमती अर्ज. खिडकीवरच्या मुलाला 'दुसऱ्या बँकेतून वळवा' ही ओळ मीच दाखवली. "असं पण असतं का?" म्हणाला. चांगला वाटला, नवीन होता.

7,500 म्हणजे पाच महिने. दोन महिन्यांचे 3,000 अजून बाकी. तहसीलमध्ये विचारलं तर म्हणे त्या महिन्यांत निधीच उशिरा आला, येतील. आत्या लगेच उठायला लागली, येतील म्हणतायत ना. मी तिला बसवलं आणि अर्ज बाहेर काढला.

जुनी फाईल

पोच?

तिखटजाळ

घेतली. शिक्का आधी नुसताच मारला होता, तारीख आत्यानेच टाकायला लावली. "बाई, तारीक टाका, न्हायतर ही पोरगी मला घरी जाऊ द्यायची न्हाई."